परत कोण आले?

ग्वाल्हेरच्या किल्ल्याची पूर्वेकडील चढण चढू लागले म्हणजे वाटेवरच अखंड खडकात कोरलेले एक लहानसे देऊळ लागते. हे चतुर्भुजाचे, म्हणजे विष्णूचे, देऊळ. मानमंदिराच्या भिंतींवरील निळे काम पाहण्याची घाई असलेला प्रवासी बहुधा ते मागे टाकून पुढे जातो. आत एक शिलालेख आहे. तो विक्रम संवत ९३३ चा, म्हणजे इसवी सन ८७६ चा. प्रतिहार राजा भोजदेव याच्या अमदानीतला. लेखाचा विषय अगदी घरगुती म्हणावा असा आहे. गावाने देवाच्या फुलबागेसाठी जमीन दिली. तिची मापे २७० हात आणि १८७ हात. त्या बागेच्या आधारावर देवाला रोज ५० माळा पोचवावयाच्या. तेल्यांनी दिव्यासाठी तेल घालावयाचे. देवस्थानच्या कारभाराशी ज्यांचा थोडाफार संबंध आला आहे, अशा आपल्या वाचकांस हा मजकूर परका वाटणार नाही. आपल्या देवळांच्या जुन्या वह्यांतही याच तऱ्हेच्या नोंदी असतात.

परंतु आज देशोदेशीचे जाणकार त्या देवळाकडे वळतात ते माळांसाठी नव्हे. २७० आणि ५० या आकड्यांत जे लहानसे वर्तुळ कोरलेले आहे, ते शून्य पाहावयास ते येतात. दशमान पद्धतीतील शून्याच्या, निश्चित तारीख असलेल्या जुन्या भारतीय नोंदींत या लेखाची गणना होते. ज्याने तो लेख कोरविला त्याला त्या वर्तुळाचे काही विशेष वाटले असेल, असे दिसत नाही. त्याला रोजच्या माळांची शाश्वती हवी होती. बाग गेली, माळी गेले, माळा तर त्या त्या दिवशीच कोमेजल्या. ज्याकडे कोणाचे लक्ष नव्हते ते वर्तुळ मात्र राहिले. मनुष्य कर्म एका हेतूने करतो आणि त्याचे फळ भलत्याच काळी, भलत्याच हातांत पडते, याची याहून स्वच्छ साक्ष क्वचितच मिळेल.

हा विचार मनात येण्याचे कारण मात्र शिलालेख नव्हे. एक तबकडी होय. आमचे कुटुंब दोनशे वर्षांपूर्वी शिंद्यांच्या फौजेबरोबर ग्वाल्हेरच्या लष्करात येऊन राहिलेल्यांपैकी. गोमंतकातील केरी गावचे जिवबादादा बक्षी महादजी शिंद्यांचे सेनानी होते. तेव्हा कोंकणी बोलणाऱ्या घरांनाही हे शहर अपरिचित नाही. माझा भाचा पुण्याहून तानसेन समारोहासाठी येथे आला होता. सकाळी आम्ही किल्ला पाहिला आणि दुपारी हजिऱ्याला तानसेनाच्या समाधीपाशी गेलो. तेथल्या चिंचेचा पाला खाल्ला म्हणजे गळा गोड होतो, अशी समजूत आहे. भाच्याने एक पान तोंडात टाकले, तोंड वाकडे केले आणि खिशातून फोन काढीत म्हणाला, "मामा, तुम्हाला आवडणार नाही हे ठाऊक आहे. तरी एकदा ऐकाच."

प्रथम ऐकू आला तो शिवाचा पंचाक्षरी मंत्र. पण मनुष्याच्या कंठातून नव्हे, यंत्राने घुसळलेल्या आवाजात. मागोमाग खर्जात एक सूर बुडबुड्यांसारखा उसळू लागला, ठोक्यावर ठोका पडू लागला आणि त्यावर स्वच्छ भैरवी सुरू झाली. मैफलीच्या शेवटी गावयाची ती भैरवी या तबकडीच्या आरंभीच होती. मी हात वर करून ते थांबविणार होतो; पण थांबविले नाही.

ही तबकडी चरणजित सिंग यांची. १९४० साली जन्मलेले हे गृहस्थ मुंबईच्या चित्रपटसृष्टीत वादक होते. शंकर-जयकिशन, राहुलदेव बर्मन अशा संगीतकारांच्या वाद्यवृंदांत त्यांनी गिटार वाजविली, पुढे सिंथेसायझर वाजविला. पडद्यावर नाव न येणाऱ्या शेकडो वादकांपैकी ते एक. १९८२ च्या सुमारास चित्रपटांत डिस्कोचा धुमाकूळ होता. त्यांच्या मनात आले, की तबला बाजूला ठेवावा आणि आपले राग याच ठेक्यावर वाजवून पाहावेत. रोलँड नावाच्या जपानी कंपनीची तीन नवी यंत्रे त्यांच्यापाशी होती : ठेका धरणारे टीआर-८०८, खर्जाचे सूर काढणारे टीबी-३०३ आणि रागाची सुरावट वाजविण्यासाठी ज्युपिटर-८. या तिघांच्या साहाय्याने त्यांनी दहा राग वाजविले. भैरवी, ललित, भूपाली, तोडी, मधुवंती, मेघमल्हार, यमन, कलावती, मालकंस आणि बैरागी. ग्रामोफोन कंपनीने ती तबकडी काढली. नाव सरळच होते : 'सिंथेसायझिंग : टेन रागाज टु अ डिस्को बीट'.

ती चालली नाही. नाचणाऱ्यांना तीत गाणे सापडले नाही, आणि राग ऐकणाऱ्यांनी ती हातात घेतली नाही. चरणजित सिंग ध्वनिमुद्रणांत आणि समारंभांत वाजवीत राहिले. वीस वर्षांनी एदो बौमन नावाच्या एका डच संग्राहकाच्या हाती दिल्लीतील एका दुकानात ती तबकडी लागली. आणि २०१० साली 'बॉम्बे कनेक्शन' या त्यांच्या संस्थेने ती पुन्हा काढली. तेव्हा युरोपातील जाणत्यांना आश्चर्याचा धक्काच बसला. शिकागोच्या काही तरुणांनी 'फ्युचर' या नावाने १९८७ साली 'ॲसिड ट्रॅक्स' ही तबकडी काढली होती. तिच्यापासून नृत्यसंगीताचा एक सबंध पंथ निघाला, असे मानले जात होते. त्या पंथाची ओळख म्हणजे टीबी-३०३ चा तो उसळता खर्ज. तोच खर्ज पाच वर्षे आधी मुंबईत, रागांच्या खाली, वाजून गेला होता. सत्तरी ओलांडलेल्या चरणजित सिंगांना परदेशांतील रंगमंचांवर निमंत्रणे येऊ लागली. त्यांची नातवंडे शोभतील अशा वयाची मुले त्यांच्या भैरवीवर नाचली. जुलै २०१५ मध्ये मुंबईत त्यांचे निधन झाले.

"केवढे पुनरागमन!" भाचा म्हणाला. वृत्तपत्रांनीही हाच शब्द वापरला. मला तो शब्द टोचला, आणि का टोचला याचा शोध घेण्यासाठी हा लेख लिहीत आहे.

पुनरागमन म्हणजे गेलेला मनुष्य परत येणे. चरणजित सिंग कोठे गेले होते? ते मुंबईतच होते. त्यांची वाद्ये घरात होती, बोटे चालत होती. जे अठ्ठावीस वर्षे अनुपस्थित होते ते आपण, ऐकणारे. तेव्हा परत आला तो श्रोता. उशीर झालेल्या पाहुण्याने दार उघडणाऱ्या यजमानाला "आलात का?" असे विचारावे, तसा हा प्रकार आहे.

येथे एक आक्षेप ऐकू येतो, आणि ग्वाल्हेरात बसून तो टाळता येणार नाही. ज्या नगरीने ख्यालगायनाचा पाया घातला, जेथून बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी वासुदेवबुवा जोश्यांपाशी विद्या घेऊन ती महाराष्ट्रात आणली, त्या नगरीच्या माणसाने यंत्रावरच्या डिस्को भैरवीचे कौतुक करावे काय? श्रोते परत आले नाहीत कारण परत येण्यासारखे तेथे काही नव्हते, असे कोणी म्हणेल.

आक्षेपात तथ्य आहे, ते प्रथम कबूल करू. तोडीचा कोमल गंधार पट्टीवरच्या ठरीव जागी बसत नाही. तो किंचित खाली, हेलकावत लागतो. यंत्राच्या सप्तकाला ही जागा सहजासहजी सापडत नाही. ग्वाल्हेरची गायकी अष्टांगाची. तीतील विस्तार, बोलआलाप, लयकारी यांना पाचएक मिनिटांच्या तुकड्यात वाव कोठून मिळणार? आणि ठेक्याचे काय? टीआर-८०८ वर सोळा बटणे एका ओळीत असतात. ज्या बटणाचा दिवा लावावा त्या ठिकाणी आघात पडतो. ग्वाल्हेरच्या बड्या ख्यालाचा आवडता ताल जो तिलवाडा, त्याच्याही मात्रा सोळाच. परंतु तिलवाडा धरणारा तबलजी गायकाकडे पाहत असतो. गायक रेंगाळला तर तो सांभाळून घेतो, समेवर येताना मान डोलावतो. यंत्र पाहत नाही आणि ऐकतही नाही. ते फक्त वाजते.

इतके सारे खरे. तरीही आक्षेपाचा निष्कर्ष मला मान्य होत नाही. कारण याच नगरीचे दुसरे एक उदाहरण आहे. हार्मोनियम विलायतेकडून आली. तिच्यात मींड निघत नाही, श्रुती सापडत नाहीत, हे दोष तिच्यावर पहिल्यापासून लादलेले आहेत, आणि ते खरे आहेत. शिंदे घराण्यातील भैया गणपतरावांनी मात्र हेच वाद्य हाती घेऊन ठुमरीच्या साथीला इतके चढविले, की त्यांचे नाव त्या वाद्याशी कायमचे जोडले गेले. पुढे १९४० पासून सुमारे तीन दशके आकाशवाणीने हार्मोनियमला दार बंद ठेवले. आणि आज? आपल्या कोणत्याही देवळात भजनाला पेटी नसली तर भजनीबुवा कपाळाला हात लावतात. गोव्यात घुमटाची गोष्टही अशीच. पूर्वी त्याला घोरपडीचे कातडे असे. वन्यजीव संरक्षणाच्या कायद्याने ते निषिद्ध झाले, तेव्हा बकऱ्याचे कातडे आले. २०१९ साली घुमट हे गोव्याचे वारसावाद्य म्हणून घोषित झाले, ते या नव्या कातड्यासकट. घुमट-आरती थांबली नाही, कारण कातडे बदलले तरी त्यावर पडणारे हात हजर होते.

नाचाचा म्हणाल तर तो आक्षेप आपण तरी घेऊ नये. टाळमृदंग घुमू लागले म्हणजे वारकऱ्याचे पाय जमिनीवर ठरत नाहीत, आणि पालखीपुढे फेर धरणाऱ्यांना कोणी चंचल म्हणत नाही.

तेव्हा वाद्य कोणते, लाकडाचे की विजेचे, ही कसोटी नव्हे. कसोटी एकच : त्या नादाच्या ठायी कोणी हजर होते की नाही. चरणजित सिंगांचे यंत्र ऐकत नव्हते, म्हणूनच ऐकण्याचा सारा भार त्यांच्या एकट्यावर पडला. साथीदार सांभाळून घेणार नाही, हे ठाऊक असलेल्या वादकाला प्रत्येक क्षणी स्वतःच सावध राहावे लागते. ललितात दोन्ही मध्यम आहेत ते जपणे, भूपालीत मध्यम-निषाद चुकूनही येऊ न देणे, आणि एवढे करून त्या न हलणाऱ्या ठोक्याशी एकरूप होणे. त्या खर्जाच्या यंत्रात एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची एक सोय होती; गिटारवादकाला एकट्याने सराव करताना खर्जाची साथ मिळावी म्हणून ते बनविलेले होते. त्या कामासाठी कोणी ते घेतले नाही आणि तीनेक वर्षांतच त्याचे उत्पादन थांबले. टाकाऊ ठरलेल्या यंत्रात शिकागोच्या गरीब मुलांना नवा आवाज सापडला; त्यापूर्वी एका हिंदी वादकाला त्यात आपल्या रागाची सावली दिसली होती. दोन्ही ठिकाणी यंत्र तेच, अवधान माणसांचे.

येथवर भाच्याशी बोलत आलो तेव्हा माझ्या मनात एक काटा सलू लागला. तो सांगितल्यावाचून हा लेख प्रामाणिक होणार नाही.

लष्करातील एका लहान देवळाच्या पंचांत मी आहे. तेथे सायंकाळच्या आरतीला एक वृद्ध गृहस्थ नगारा वाजवीत. त्यांचे वडीलही वाजवीत असत. आम्ही सगळे त्यांना आबा म्हणतो. त्यांना महिन्याकाठी जे मिळे ते सांगावयास लाज वाटावी इतके थोडे होते. पाच वर्षांपूर्वी एका भक्ताने देवळाला विजेवर चालणारा नगारा-घंटेचा संच अर्पण केला. कळ दाबली की दोन टिपऱ्या नगाऱ्यावर पडतात, घंटा हलते, झांजा वाजतात. आरतीला माणसे जमत नाहीत, आबांचे गुडघे दुखतात, यंत्र वेळ चुकवीत नाही. ही सारी कारणे बैठकीत मांडली गेली. कोणी तरी म्हणाले, "आबांना आता विश्रांती मिळेल." आबांच्या मानधनाचा विषय निघाला तेव्हा दुसरे एक सभासद म्हणाले, "देवाची सेवा निष्काम असावी. गीतेत काय सांगितले आहे?" सर्वांनी माना डोलावल्या. हात वर करणाऱ्यांत माझाही हात होता.

त्या दिवसापासून आबा आरतीला येतात, पण खांबाला टेकून बसतात. यंत्र वाजू लागले म्हणजे त्यांची बोटे गुडघ्यावर चालत असतात. यंत्राची लय आणि त्यांच्या बोटांची लय एक नसते. त्यांची किंचित मागे राहते आणि "जय देव"च्या शेवटच्या पदाला पुढे धावते, कारण तेथे भक्तांचा आवाज चढतो हे त्यांना ठाऊक आहे. यंत्राला ते ठाऊक नाही. हे मी पाच वर्षे पाहत होतो. ऐकले मात्र परवा, तानसेनाच्या समाधीपाशी, मुंबईच्या एका वादकाची तबकडी ऐकल्यावर.

दोन यंत्रांतला भेद आता मला स्पष्ट दिसतो. एका यंत्रापाशी मनुष्य अधिक जागा राहिला. दुसरे यंत्र आम्ही आणले ते आम्हाला जागे राहावे लागू नये म्हणून. पहिले साधन होते. दुसरी अनुपस्थितीची सोय होती. विजेचा नगारा वाईट नव्हे. कोणी त्याच्यापाशी उभे राहून, आरतीचा सूर ऐकून, त्याची गती जुळवीत असेल तर तीही सेवाच होईल. पण कळ दाबून चपला घालावयास निघालेल्या माणसाचा तो नगारा कोणाचा? देवाने तो कोणाच्या नावे मांडावा?

आणि गीतेचे ते वचन. फळाची आशा न धरता कर्म करावे, हा उपदेश थोर आहे याविषयी शंका नाही. पण तो कोणी कोणाला करावयाचा? रणांगणावर तो सांगितला गेला तो कर्त्याच्या मनातील गोंधळ दूर करण्यासाठी. कर्त्याने तो स्वतःशी घोकावा. ज्याच्या हाती फळ देणे आहे, त्याने तो दुसऱ्याला ऐकवून आपली मूठ मिटून घेऊ नये. देणेकऱ्याने सावकाराला वैराग्य शिकवावे, तसे ते होते. आम्ही आबांना निष्काम कर्म सांगितले तेव्हा आम्ही गीता सांगत नव्हतो. पैसे वाचवीत होतो.

येथे चतुर्भुजाच्या देवळातील तो लेख पुन्हा आठवतो. माळा गुंफणाऱ्याच्या मनात भक्ती असेल, ती त्याची आणि देवाची गोष्ट. पण गावाने त्याला नुसती भक्ती शिकविली नाही. गावाने २७० हात आणि १८७ हात मापाची जमीन दिली, आणि ती दगडावर कोरून ठेवली. माळा निष्काम असतीलही. बाग मात्र दिलेली होती. अकराशे वर्षांपूर्वीच्या त्या गावकऱ्यांना जे कळले होते ते आम्हा पंचांना कळले नाही.

ही गोष्ट एका देवळापुरती नाही. सिंगांच्या यशातही एक कमीपणा राहून गेला आहे, आणि तो आपला आहे. त्यांचे कौतुक करताना आपण काय म्हणतो? त्यांनी शिकागोच्या आधी पाच वर्षे तो नाद काढला. म्हणजे मोजपट्टी शिकागोची. त्या मुलांनी ही तबकडी ऐकली होती, असे कोठे दिसत नाही. दोन झरे वेगवेगळ्या डोंगरांतून फुटले, इतकेच. तेव्हा ते त्या पंथाचे जनक नव्हेत, आणि तसे म्हणविण्याची गरजही नाही. त्यांनी जे केले ते त्याच्या जागी पुरेसे आहे : आपल्या काळाचे वाद्य आणि आपल्या पूर्वजांचा राग, या दोहोंपैकी एकही न सोडता ते एकत्र बसविण्याचा त्यांनी यत्न केला. युरोपातून शिक्का येईपर्यंत आपल्याला ते ऐकू आले नाही, आणि शिक्का आल्यावर आपण शिक्काच ऐकतो आहो. परदेशी संग्राहकाचे आभार मानलेच पाहिजेत. पण त्यांच्या कानांनी ऐकणे म्हणजे आपण परत येणे नव्हे.

कोणी म्हणेल, उशिरा का होईना, न्याय तर झाला. झाला, एकाला झाला. चाळीस वर्षे दुकानात पडून राहिलेल्या इतर तबकड्यांचे काय? ज्यांची तबकडीच निघाली नाही अशा वादकांचे काय? चित्रपटांच्या वाद्यवृंदांत व्हायोलिनच्या रांगेत बसून आयुष्य काढलेले गोमंतकीय वादक आपल्याच गावांचे होते. त्यांच्यापैकी कितींची नावे आपण सांगू शकू? २०२३ साली युनेस्कोने ग्वाल्हेरला संगीताची सर्जनशील नगरी म्हणून मान दिला, तेव्हा आम्ही रोषणाई केली. रोषणाईच्या दिवशीही आबा खांबाला टेकूनच होते.

अठ्ठावीस वर्षे परत देता येत नाहीत. सिंगांना रंगमंच मिळाला तेव्हा त्यांच्या हातांत पाच वर्षे उरली होती. म्हणून श्रोत्याच्या धर्माला काळाची अट आहे. देवाला उशीर चालेल. तो चिरंतन आहे. वादक चिरंतन नाही. ज्याचे ऐकावयाचे त्याचे तो वाजवीत आहे तोवर ऐकावे, इतका हा धर्म साधा आहे. आणि साध्या धर्माप्रमाणेच तो चुकविणेही सोपे आहे.

भाचा पुण्यास परत गेला. जाताना त्याने ती दहाही रागांची सुरावट माझ्या फोनवर घालून दिली. "मामा, तोडी तुम्हाला खटकेल," तो म्हणाला. खटकली. पण मालकंस रात्री दोनदा ऐकला.

पुढच्या बैठकीत मी दोन गोष्टी मांडल्या. एक, यंत्र कपाटात ठेवावे; ज्या दिवशी खरोखरच कोणी नसेल त्या दिवसापुरते बाहेर काढावे. दुसरी, नगाऱ्याच्या सेवेला मान राखेल अशी रक्कम देवळाच्या वहीत कायमची नोंदवावी, आणि पाच वर्षांची बाकी आबांना द्यावी. पहिली सूचना संमत झाली. दुसरीवर विचार चालू आहे. पंचांच्या विचाराला वेळ लागतो, हे वाचकांस सांगावयास नको.

मी आबांकडे गेलो आणि झाले ते बोलून माफी मागितली. ते फारसे काही बोलले नाहीत. "गुडघे आता साथ देत नाहीत, तात्या," इतकेच म्हणाले, "कोणी शिकणार असेल तर बसून सांगेन." शिकावयास अजून कोणी मुलगा आलेला नाही. म्हणून सध्या मीच जातो. सायंकाळी आबा खांबाला टेकून बसतात, बोटांनी गुडघ्यावर लय दाखवितात आणि मी टिपऱ्या धरतो. साठी उलटल्यावर हात वळत नाही. शेवटच्या पदाला लय चढते तेथे माझी टिपरी रोज चुकते, आणि आबा रोज मान हलवितात.